त्रिपुरासुराचा वध, वय वर्षं किती?

गोव्यातल्या कारापूरच्या मुलाला राक्षस मारणं नवं नसतं. कार्तिकात, त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठावर पाय ठेवायला जागा उरत नाही. नदीत दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडलेल्या असतात, त्रिपुरासुराचा वध होतो आणि बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर डोळे विस्फारून ते सगळं बघत असतं. चैत्रात त्याच विठ्ठल मंदिराच्या उत्सवात हातात तलवारी घेऊन वीरभद्र नाचतो. दक्षाचं मुंडकं उडवणारा तोच हा वीरभद्र, हे शेजारी उभी असलेली आजी सांगते. आणि त्रिपुरारीच्या पंधरवडाभर आधी नरकचतुर्दशी. रात्रभर वाड्यावाड्यावर दात विचकत उभे असलेले नरकासुर पहाटे पेटतात. मग घरी येऊन अंघोळ, आणि तुळशीपाशी पायाखाली कारीट चिरडायचं. फट् आवाज होतो, कडूजहर रस बोटाने जिभेला लावायचा. मेला नरकासुर. या शेवटच्या वधात मूल प्रेक्षक नसतं, करणारं असतं.

म्हणून दहा वर्षांच्या मुलाने फोन पुढे करून ‘हा गेम घेऊ?’ असं विचारल्यावर आपल्या तोंडी जो पहिला प्रश्न येतो, ‘यात मारामारी आहे का?’, तो फारसा उपयोगाचा नाही. मारामारी असतेच. ती कसली, कोणाशी, किती जवळून दिसते आणि थांबते कधी, हे विचारायला हवं. यातलं काही मोजायला जगाने पट्ट्या तयार केल्या आहेत. त्या पट्ट्यांची गोष्ट एखाद्या गेमइतकीच रंगतदार आहे, आणि त्या काय मोजत नाहीत ते कळलं की अर्धं काम झालंच.

1993च्या सप्टेंबरात अमेरिकेत ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम घरच्या टीव्हीवर खेळण्यासाठी विक्रीला आला. त्यातली माणसं हाताने चितारलेली नव्हती. खऱ्या नटांना कॅमेऱ्यासमोर लढायला लावून त्यांच्याच प्रतिमा गेममध्ये घातल्या होत्या, आणि हरलेल्या गड्याचं काळीज उपटून काढायचीही त्यात सोय होती. निन्टेंडो कंपनीला आपल्या यंत्रावर रक्त नको होतं. तिने रंग बदलला. ठोसा बसला की करडे थेंब उडायचे, म्हणजे तो घाम. सेगा कंपनीने रक्त ठेवलं, पण कुलूपबंद. बटणं एका ठरावीक क्रमाने दाबली की कुलूप उघडायचं. तो क्रम शाळेशाळेत तोंडपाठ व्हायला कितीसा वेळ लागणार? खपली सेगाचीच आवृत्ती जास्त.

डिसेंबरात सिनेटर जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल यांनी सुनावणी लावली. गेमवाल्यांना दम मिळाला की तुम्ही वयाची खूण लावायची पद्धत बसवा, नाहीतर आम्ही बसवतो. 1994 साली ईएसआरबी हे मंडळ उभं राहिलं ते या धाकाने. त्या सुनावणीत ‘नाइट ट्रॅप’ नावाच्या दुसऱ्या एका गेमवर इतकी आग पाखडली गेली की मोठ्या दुकानांनी तो काढून टाकला. तोच गेम 2017 साली डागडुजी करून पुन्हा बाजारात आला, तेव्हा ईएसआरबीने त्याला ‘टीन’ हा शिक्का दिला, म्हणजे तेरा वर्षांपासून पुढे. गेम तोच होता, मधल्या चोवीस वर्षांत बघणाऱ्यांचे डोळे सरावले होते. आपण लहानपणी ज्या सिनेमाला घाबरून डोळे झाकायचो तो आज पोरं जेवता जेवता बघतात, त्यातलाच हा प्रकार.

युरोपची पट्टी 2003ची, तिचं नाव पेगी. तिच्यावर पाच आकडे असतात: 3, 7, 12, 16 आणि 18. एक गैरसमज आधी काढून टाकू. हे आकडे खेळ किती अवघड आहे ते सांगत नाहीत. बुद्धिबळाच्या गेमवर 3 असू शकतं, म्हणून तीन वर्षांच्या पोराला तो जमेल असं नाही. आकडा सांगतो तो पडद्यावर काय दिसतं एवढंच. आणि ते सांगण्याची रीत फार बारकाईची आहे. मार खाणारा कल्पनेतला प्राणी असेल आणि लागलेलं खरं वाटत नसेल तर 7. मार खाणारा माणसासारखा असेल, पण जखम खोटी वाटत असेल तर 12. तीच जखम खऱ्या आयुष्यात दिसते तशी दिसायला लागली की 16. आणि मुंडकं उडणं, अवयव तुटणं, निष्कारण हत्या किंवा असहाय माणसावर हल्ला आला की 18.

आता ही पट्टी घेऊन वाळवंटीच्या काठावर या. त्रिपुरासुर कल्पनेतला, त्याचं मरण उत्सवातलं, रक्त नाही. फार तर सात. नरकासुर कागदाचा, गवताचा, फटाक्यांचा. सात. वीरभद्राचा नाच सातातच बसेल, पण त्याची कथा कोणी पडद्यावर जशीच्या तशी दाखवली तर दक्षाचं मुंडकं थेट अठरात जाऊन पडेल. आणि आजी ती कथा पाच वर्षांच्या नातवाला सांगते! पट्टी चुकीची आहे असं मला म्हणायचं नाही. पट्टीला फक्त दिसतं तेच कळतं. कथा कोण सांगतं, कोणाच्या मांडीवर बसून ती ऐकली जाते, दक्षाला पुढे बोकडाचं डोकं लावून जिवंत केलं हे सांगताना आजी हसते की नाही, हे मोजायला तिच्यावर रेघा नाहीत.

आकडा ठरवतो तरी कोण? डबाबंद गेम असेल तर ईएसआरबीकडे कंपनी एक मोठी प्रश्नावली भरून देते आणि गेममधल्या जास्तीत जास्त भडक प्रसंगांचं चित्रण पाठवते. किमान तीन प्रशिक्षित परीक्षक ते चित्रण बघतात. म्हणजे ते गेम खेळतात असं नाही, बघतात. शंभर तासांचा गेम एकेक करून खेळत बसले तर मंडळ कोलमडेल, हे उघडच आहे. या पद्धतीतली भोकं 2005 साली चव्हाट्यावर आली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या गेमच्या पोटात एक अश्लील भाग दडवून ठेवलेला सापडला. तो खेळात दिसत नव्हता, पण कोणीतरी कुलूप उघडलं. मंडळाने शिक्का वाढवून थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ केला आणि तेव्हापासून पोटात दडलेलंही कळवावं लागतं.

फोनवरच्या गेमचं मात्र याहून अजब आहे. प्ले स्टोअरवर गेमची इतकी रीघ लागलेली असते की त्यांची चित्रणं बघायला परीक्षक आणायचे कुठून? म्हणून 2013 साली निरनिराळ्या देशांच्या मंडळांनी मिळून आयएआरसी नावाची एकच प्रश्नावली काढली आणि 2015 पासून गूगलने ती प्ले स्टोअरला लावली. गेम करणारा माणूस आपल्या टेबलाशी बसून उत्तरं देतो. रक्त दिसतं का? मार खाणारा माणूस आहे का? तो मेल्यावर काय होतं? खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का? पैसे देऊन वस्तू घेता येतात का? शेवटचं बटण दाबलं की यंत्र त्याच उत्तरांवरून अमेरिकेसाठी एक शिक्का काढतं, युरोपसाठी दुसरा, आणि ज्यांचं स्वतःचं मंडळ नाही अशा देशांसाठी सर्वसाधारण आकडा. कारापूरच्या फोनवर दिसतो तो हा आकडा. सिनेमासाठी आपल्याकडे प्रमाणन मंडळ आहे, 2023च्या दुरुस्तीने तर ‘यूए’चेही 7, 13 आणि 16 असे तीन कप्पे झाले, पण गेमसाठी असं मंडळ नाही. कोणी खोटी उत्तरं दिली तर तक्रारीनंतर शिक्का बदलतो. तोवर मुलाने काय करायचं ते करून झालेलं असतं.

एकच गेम आणि दोन आकडे, असंही होतं. मूळ ‘पब्जी’ला अमेरिकेत तेरा वर्षांचा शिक्का आहे आणि युरोपात सोळाचा. ‘फोर्टनाइट’चं उलट. युरोपात बारा, अमेरिकेत तेरा. त्यातला पडलेला खेळाडू रक्ताच्या थारोळ्यात पडत नाही. वरून एक छोटं ड्रोन येतं, निळसर प्रकाश पाडतं आणि तो विरघळून जातो.

पब्जीचीच गोष्ट जरा जवळून बघू, कारण त्याच्याइतकी मरणाची रूपं दुसऱ्या गेमने पाहिलेली नसतील. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उडी मारतात, शेवटी उरेल तो जिंकला. त्या बेटाचं नाव एरांगेल. गेमचा कर्ता ब्रेंडन ग्रीन याच्या मुलीचं नाव एरिन, त्यावरून ते ठेवलंय. लेकीच्या नावाच्या बेटावर शंभरातले नव्व्याण्णव मरतात! बाहेरच्या आवृत्तीत गोळी लागली की लाल रक्त. 2021च्या 2 जुलैला तोच खेळ भारतात ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणून आला तेव्हा रक्त हिरवं करता आलं, आणि ‘किल’ शब्द जाऊन ‘फिनिश’ आला. चीनमध्ये 2019 साली त्याचा जो अवतार निघाला, त्यात गोळी लागलेला गडी गुडघ्यावर बसतो, आपलं सामान एका पेटीत घालून पुढे ठेवतो आणि हात हलवून निरोप घेतो. मारलंस ते मारलंस, आता हे घे आणि जा सुखाने. आणि 2023च्या शरदात हांगझोऊच्या आशियाई खेळांत हाच खेळ पदकासाठी खेळला गेला तेव्हा एकमेकांवर गोळ्याच बंद केल्या. फक्त निशाण्यांवर नेम धरायचा.

लाल, हिरवं, निरोपाचा हात, निशाणा. पट्टीच्या दृष्टीने हे चार वेगळे गेम. मुलाच्या अंगठ्याच्या दृष्टीने? अंगठा तोच, नेम तोच, छातीतली धडधड तीच.

आणि शेवटी शंभरजण एका जागी यावेत म्हणून त्यात एक युक्ती आहे, जी मला कुठल्याही बंदुकीपेक्षा थोर वाटते. बेटावर एक वर्तुळ असतं आणि ते आकसत जातं. बाहेर राहिलात तर जीव कमी होतो. झुडपात दडून बसणारा भित्रा खेळाडूही शेवटी उठून धावतोच. वर्तुळ कोणालाच सोडत नाही, म्हणून मॅच अर्ध्या तासाच्या आसपास संपतेच संपते. इतका पक्का शेवट आपल्या दशावतारालाही नसतो, तिथे पहाट झाली तरी राजाचं पद सुरूच. पण मॅच संपल्यावर पडद्यावर काय येतं ते बघा. पुन्हा खेळा, हे बटण. आज रोज येण्याचं बक्षीस घ्यायचं राहिलं, ही आठवण. उद्या आलात तर दुप्पट. सात दिवस सलग आलात तर काहीतरी चमचमतं. हंगाम संपायला इतके दिवस उरले. उत्सव पुढच्या वर्षापर्यंत जातो, गेम मात्र जाऊ देत नाही. शेवट असलेली मॅच आणि शेवट नसलेला गेम, ही जोडी पेगीच्या हिंसेच्या रेघांत कुठेच दिसत नाही.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे माणसं. चौघांच्या चमूतले तिघे कोण असतात? एक शेजारच्या वाड्यावरचा, एक साखळीचा वर्गमित्र आणि चौथा कोणीही. कानातल्या हेडफोनमधून तो काय बोलतो ते फक्त मुलाला ऐकू येतं. ईएसआरबी स्वतःच स्पष्ट लिहिते की ऑनलाइन खेळताना लोक एकमेकांशी जे बोलतात ते आम्ही मोजलेलं नाही. मोजणार तरी कसं? ते गेममध्ये नाहीच, खेळायला येणाऱ्यात आहे. ‘माइनक्राफ्ट’सारखा विटा रचायचा गरीब गेम युरोपात सातचा आहे. तोही अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर खेळला तर सात हा आकडा कशाचा उरला?

तिसरी गोष्ट पैशाची. ‘क्रेट’ नावाची पेटी विकत घ्यायची, उघडल्यावर आत काय निघेल ते नशीब. शंभरदा टाकाऊ कपडे, एकदा झळाळती बंदूक. बक्षीस कधी मिळेल ते ठाऊक नसलं की कबूतरंसुद्धा चोच मारायचं थांबवत नाहीत, हे स्किनरने विसाव्या शतकातच दाखवलं होतं. बेल्जियमने 2018 साली अशा पेट्यांना सरळ जुगार म्हटलं. पेगीने 2018 पासून गेममधल्या खरेदीची खूण लावायला सुरुवात केली, आणि जुगार शिकवणाऱ्या नव्या गेमना 2020 पासून थेट 18. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत 21 वर्षांखालच्याला पाऊल टाकता येत नाही, आणि पेटी मात्र सहावीतल्या मुलाच्या खिशात. 2025च्या ऑगस्टात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे.

सरकारांनी यावर काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. 2019च्या फेब्रुवारीत गोव्याचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे म्हणाले होते की पब्जी हा घराघरांतला राक्षस झालाय, त्यावर काही निर्बंध हवेत. राक्षसाची उपमा नेमकी गोव्याच्या मंत्र्याला सुचावी, यात नवल नाही. पुढे 2 सप्टेंबर 2020ला पब्जीसह 118 ॲपवर केंद्राने बंदी घातली, पण कारण मुलं नव्हती. देशाची सुरक्षा आणि माहितीची चोरी ही कारणं होती. 2022च्या फेब्रुवारीत ‘फ्री फायर’ गेला तोही त्याच वाटेने, आणि त्याचा जुळा भाऊ ‘फ्री फायर मॅक्स’ राहिला. मुलांचा विचार झाला तो 2021च्या त्या भारतीय आवृत्तीत. अठराखालच्याला पालकाचा फोन नंबर द्यायचा, दिवसाला तीन तासांची मर्यादा, आणि खर्चाची कमाल मर्यादा दिवसाला 7000 रुपये. दिवसाला! कारापूर तिस्कावरच्या कुठल्या आईने तो आकडा ठरवला असता, कोण जाणे.

संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात, कारण त्यातला गोंगाट फार आहे. हिंसक गेम खेळून माणसं गुन्हेगार होतात, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी मात्र लहानसा पण टिकून राहिलेला संबंध दिसतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 साली हेच पुन्हा नोंदवलं. ऑक्सफर्डच्या 2019च्या अभ्यासात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत तोही संबंध सापडला नाही. आणि खरी चकित करणारी गोष्ट 2003ची आहे. शॉन ग्रीन आणि डाफ्ने बावेलिये या दोघांनी रॉचेस्टर विद्यापीठात न खेळणाऱ्या मंडळींना दहा दिवस, रोज एक तास गोळीबाराचा गेम खेळायला लावला आणि दुसऱ्या गटाला ‘टेट्रिस’. गोळीबारवाल्यांची नजर सुधारली! गर्दीतली नेमकी वस्तू टिपणं, एका वेळी जास्त गोष्टींवर लक्ष ठेवणं त्यांना जास्त जमू लागलं. मात्र खेळणारे मोठे होते आणि तासानंतर उठत होते.

म्हणून आकडा बघायचाच, पण आकड्याखालची बारीक अक्षरं आधी. प्ले स्टोअरवर वयाच्या आकड्याला बोट लावलं की तो का दिला ते उघडतं: हिंसा कसली, खेळणारे एकमेकांशी बोलतात का, आत खरेदी आहे का. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या की मी रक्ताचा रंग बघायच्या आधी त्यांच्याकडे वळतो. खरेदीला पालकाची परवानगी लागेल असं सेटिंग करता येतं, बोलणं बंद ठेवता येतं. दोन्ही पाच मिनिटांची कामं.

आणि मग मुलाशेजारी बसून एक मॅच बघायची. बघायची म्हणजे त्यालाच शिकवायला लावायचं. उडी कुठे मारू, हे काय, हे का घेतलंस. शिकवणाऱ्या मुलाचा रुबाब बघण्यासारखा असतो. ‘बाबा, तिकडे नको, वर्तुळ येतंय!’ आपण पहिल्या दोन मिनिटांत मरणारच, आणि तिथेच कळायला लागतं. मेल्यावर मूल हसतं, की फोन आपटतं? चमूतला अनोळखी शिव्या देतो तेव्हा त्याचा चेहरा काय सांगतो? दुकान किती वेळा मधे येतं? जिंकल्यानंतर बंदूक बाजूला ठेवून ते सायकलवर जातं, की नवी मॅच सुरू करून तुमच्याकडे बघतच नाही? ‘फोन ठेव आणि जेवायला ये’ असं आपण मॅचच्या मध्यावर ओरडतो तेव्हा त्याच्या तोंडावर येणारा राग निम्मा आपल्यामुळे असतो. ती मॅच थांबवता येत नाही, आणि चौघांतला एक गेला तर तिघे उघडे पडतात. तेव्हा वेळ मिनिटांत न देता मॅचमध्ये द्यावा. जेवण साडेआठला असेल तर आठनंतर विमानातून उडी मारायची नाही.